फुंकायची टेस्ट: साडेसहा वर्षांच्या पोराची पीएफटी, कोणी केलीय का?

मेहरूणकाठ | ४ डिसेंबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली. मुलगा साडेसहा वर्षांचा, पहिलीत आहे. दिवाळीपासून रात्रीचा खोकला, म्हणजे झोपला की दोन तासांनी सुरू, मग पहाटे परत, आणि दिवसा एकदम ठणठणीत, गल्लीत क्रिकेट खेळून येतो. दोनदा अँटिबायोटिक झालं, तीन सिरपच्या बाटल्या झाल्या, आता डॉक्टर म्हणतात पीएफटी करून घेऊ, फुफ्फुस तपासायला मशीनमध्ये फुंकायची टेस्ट असते.

घरात दोन पक्ष पडलेत. सासूबाई म्हणतात एवढुसं लेकरू काय फुंकणार, आणि एकदा दम्याचं नाव लागलं की पंप जन्माचा. सासरे, म्हणजे आमचे नाना, त्यांनी तीस वर्षं कापसाच्या जिनिंगला काढली आणि बिडी अजून चालू आहे, ते म्हणतात "माले काय व्हयनं?" डॉक्टरांनी टेस्ट नानांनाही सांगितलीय, ते मात्र ते कोणाला सांगत नाहीत. मिस्टर नेहमीप्रमाणे तटस्थ.

एवढ्या लहान मुलाला जमते का ही टेस्ट? दुखतं का? आणि खरंच गरज असते का, का आपलं असंच?

शेवभाजी_तिखट | ५ डिसेंबर, सकाळी ७:०५

जमते ताई. आमच्या कन्येची सात वर्षांची असताना केली. स्क्रीनवर वाढदिवसाच्या मेणबत्त्या येतात, जोरात फुंकलं की विझतात. ती अजून विचारते परत कधी जायचं. सुई नाही काही नाही, नाकाला फक्त चिमटा लावतात, त्यालाच ती जास्त हसत होती.

लोकोशेड_तात्या | ५ डिसेंबर, सकाळी ८:३०

अहो त्यात काय एवढं, आमच्याकडे ते यंत्र घरातच आहे. माझं बायपास झालं तेव्हा दिलं होतं, प्लास्टिकचं, तीन बॉलवालं. मी तिन्ही बॉल वर नेतो. पाठवून देऊ का भुसावळहून पार्सलने? पोराला खेळायला पण होईल.

केळीचा_घड | ५ डिसेंबर, सकाळी ९:१५

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. हे सगळं दुकान आहे. मागच्या वर्षी आमच्या गावात फुकट शिबीर झालं, एका प्लास्टिकच्या नळीत फुंकायला लावलं, काटा ३०० वर गेला, लगेच म्हणे काका तुम्हाला दमा आहे आणि पंपाची चिठ्ठी हातात. मी पंचावन्न वर्षांचा माणूस, बागेत दिवसभर घड वाहतो, मला दमा? चिठ्ठी फाडून टाकली. आज एक वर्ष झालं, काही झालं नाही.

नळकांडं | ५ डिसेंबर, दुपारी २:५०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. मी धुळ्यात एका दवाखान्यात हेच काम करतो, लोकांना फुंकायला लावायचं.

आधी तात्या: तुमचं तीन बॉलवालं यंत्र टेस्ट नाहीच. त्यात हवा आत ओढायची असते, ऑपरेशननंतर फुफ्फुसाचा तळ उघडा राहावा म्हणून दिलेला तो व्यायाम आहे. कोविडच्या काळात ते घरोघर पोचलं म्हणून सगळे त्यालाच स्पायरोमीटर म्हणतात. पार्सल पाठवू नका, आणि दुसऱ्याचं तोंडाला लावलेलं पोराला तर अजिबात नको.

आता घडकाका: तुम्हाला शिबिरात दिलं ते पीक फ्लो मीटर. वाईट नाही ते, स्वस्त आहे, खिशात मावतं, पण ते एवढंच सांगतं की फुंकरीचा पहिला दणका किती जोराचा होता. एकदा फुंकून ३०० आले म्हणून दमा असं म्हणणारा चुकला, तुमचा राग बरोबर आहे. पण त्यावरून टेस्टच खोटी असं तुम्ही म्हणता तेही बरोबर नाही.

पीएफटीतली मुख्य टेस्ट स्पायरोमेट्री. छाती पूर्ण भरून घ्यायची, अजून घोटभरही मावणार नाही इतकी, नळी दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटायचे आणि एका झटक्यात सोडायचं, मग रिकामं होईस्तोवर थांबायचं नाही. मोठ्या माणसाला सहा सेकंद तरी, पुष्कळांना जास्त लागतात. एकूण जेवढी हवा निघाली ती एफव्हीसी. त्यातली पहिल्या सेकंदात जेवढी निघाली ती एफईव्ही१. फुफ्फुसातल्या नळ्या मोकळ्या असतील तर बहुतेक माल पहिल्या सेकंदातच बाहेर पडतो. आवळलेल्या असतील तर फुग्याचं तोंड चिमटीत धरून सोडल्यासारखं होतं, हवा तेवढीच पण वेळ लागतो. आणि फुफ्फुसच आखडलं असेल तर एकूण हवाच कमी भरते, जी भरते ती मात्र सटकन निघते. हा फरक स्टेथोस्कोपने नेहमी कळत नाही.

एकदा फुंकून भागत नाही. तीन फुंकरी नीट याव्या लागतात आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोनमध्ये १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको. आठ वेळा करूनही नाही जमलं तर त्या दिवशी सोडून देतो, माणूस दमतो, चक्कर येते. रोज सकाळी तीन लिटरची एक मोठी पिचकारी असते, तिने मशीन तपासून घ्यायचं. ती मशीनची परीक्षा झाली. माणसाची परीक्षा बहुतेक माझ्या ओरडण्यावर असते. शेतातून आलेल्या आजोबांना "दीर्घ श्वास घेऊन वेगाने उच्छ्वास करा" म्हटलं की ते माझ्याकडे बघत राहतात. मग अहिराणीत सुरू करतो, "भर, भर, भर, आजून भर... आते फुक! फुक फुक फुक, थांबू नको, आजून शे, आजून शे!" (शे म्हणजे आहे.) बाहेर बसलेल्यांना वाटतं आत भांडण चाललंय.

शेवभाजी_तिखट | ५ डिसेंबर, दुपारी ३:२०

आजून शे आजून शे, हाहाहा. हसून हसून माझीच पीएफटी झाली.

फुंकणी | ५ डिसेंबर, संध्याकाळी ६:१०

माझ्या आयडीकडे बघा आणि मला या धाग्याची अध्यक्ष करा. लग्न होऊन यावलजवळच्या गावात आले तेव्हा घरात गॅस नव्हता, बावीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला, लोखंडी फुंकणी घेऊन. पावसाळ्यात ओल्या काड्या आणि गोवऱ्या, डोळ्यातून पाणी आणि सासूबाई मागून, "अजून भाकरी नाही का झाली?" आपल्या फुफ्फुसाला काही होत नाही हो, फुंकून फुंकून मजबूत झालंय. मशीनची काच फुटेल.

विमावाला_चोपडा | ५ डिसेंबर, रात्री ९:००

अवांतर आहे पण माझ्या धंद्याचं आहे म्हणून सांगतो. हे स्पायरोमीटर यंत्र ज्याने चालतं केलं तो जॉन हचिन्सन नावाचा इंग्रज डॉक्टर, १८४६ साली त्याने दोन हजारांच्या वर लोकांना फुंकायला लावून मोजमाप छापलं. पैलवान, पोलीस, खलाशी, बुटके, उंच, सगळे. त्याच्या लक्षात आलं की उंची वाढली तशी हवा वाढते, आणि वयाबरोबर कमी होते. त्या क्षमतेला त्याने व्हायटल कपॅसिटी नाव दिलं, आणि त्याच्या डोक्यात होतं की विमा देण्याआधी माणूस किती टिकेल याचा अंदाज यावरून बांधावा. म्हणजे या टेस्टचा मूळ पुरुष आमच्याच लाइनचा. आमच्या पॉलिसीधारकांना मी फक्त "दम लागतो का" विचारतो, सगळे "नाही" सांगतात.

केळीचा_घड | ५ डिसेंबर, रात्री ९:२०

बघा, मी म्हटलं ना दुकान आहे, विमावाल्यापासूनच सुरू झालंय.

पथारी_नंदुरबार | ६ डिसेंबर, सकाळी १०:४५

आमच्याकडे या महिन्यात मिरचीच्या पथाऱ्या लागतात, गावाबाहेरून मोटरसायकल नेली तरी खोकला येतो. मी चार वर्षं मिरची व्यापाऱ्याकडे हिशेबाला होतो. ठसका वेगळा आणि दमा वेगळा हे मला त्या टेस्टनेच कळलं. माझी स्पायरोमेट्री चांगली आली, डॉक्टर म्हणाले नळ्या ठीक आहेत, तुमचं नाक आणि घसा चिडलाय, पंपाची गरज नाही, तोंडाला रुमाल बांधा आणि जागा बदला. म्हणजे घडकाका, टेस्टमुळे पंप सुटतो पण, फक्त लागतोच असं नाही.

कपाशी_बोंड | ६ डिसेंबर, दुपारी १२:१५

मेहरूणकाठ ताई, नानांची टेस्ट टाळू नका. ते जिनिंगला होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, नुसतं "रिटायर्ड" सांगू नका. कापसाच्या धुळीचा एक खास आजार आहे, बायसिनोसिस. त्याची खूण अशी की सुट्टी संपवून कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते, मग आठवडाभर हळूहळू बरं वाटतं, म्हणून माणूस म्हणतो सवय झाली. माझे वडील मिलमध्ये होते, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी ते चहा पण बसून घेत नसत, ओट्याला टेकून उभे राहायचे. आम्हाला वाटायचं कामाचा कंटाळा. अशा कामगारांची पाळीच्या आधी आणि पाळीनंतर स्पायरोमेट्री केली तर एफईव्ही१ पडलेला दिसतो. आमच्या वडिलांची कोणी केली नाही.

ओंकार_साधक | ६ डिसेंबर, दुपारी ४:३०

सगळं वाचलं. रोज वीस मिनिटं प्राणायाम करा, कपालभाती करा, फुफ्फुसाची क्षमता दुप्पट होते, मशीन वगैरे काही लागत नाही. आणि घरीच टेस्ट करता येते, श्वास रोखून धरा, दहा सेकंद जमलं तर फुफ्फुस उत्तम.

नळकांडं | ६ डिसेंबर, रात्री ८:४०

साधकजी, दहा सेकंदांचा तो मेसेज २०२० मध्ये माझ्याच फोनवर सोळा ग्रुपमधून आला होता. श्वास रोखून फुफ्फुसाचं काही मोजलं जात नाही, ज्यांची एफईव्ही१ निम्म्यावर आलीय असे लोक माझ्यासमोर वीस सेकंद रोखून दाखवतात. प्राणायाम जरूर करा, दम लागणाऱ्याला श्वासाचं तंत्र आलं तर मदत होते, माझे डॉक्टर पण सांगतात. पण दुप्पट वगैरे नाही होत. साधारण विशी-पंचविशीत जेवढं फुफ्फुस भरतं तेवढंच, नंतर धडधाकट माणसाचीही एफईव्ही१ दरवर्षी पंचवीस-तीस मिलीने उतरतच जाते. बिडीवाल्यांची बऱ्याच जणांची जास्त वेगाने.

तसंच ऑक्सिमीटरचं. बोटाला लावलं, ९८ आलं, झालं, असं नसतं. नळ्या बऱ्याच आवळल्या तरी ऑक्सिजन बरेच दिवस चांगला दिसतो.

भरती_उमेदवार | ६ डिसेंबर, रात्री ९:१०

मग पोलीस भरतीत छाती मोजतात ती पण टेस्टच ना? न फुगवता ७९ सेंटीमीटर आणि फुगवून ५ वाढली पाहिजे. माझी साडेचारच होत होती, महिनाभर सराव करून ५ केली.

नळकांडं | ६ डिसेंबर, रात्री ९:२५

ती बरगड्या आणि स्नायूंची करामत भाऊ. टेप बाहेरून फिरते, आत हवा किती गेली ते तिला काय माहीत.

लोकोशेड_तात्या | ६ डिसेंबर, रात्री १०:००

तीन बॉल वर नेण्याचा मला जो अभिमान होता तो या धाग्याने धुळीस मिळवला. असो. रविवारी आमच्याकडे भरीत आहे. बामणोदची वांगी आणलीत, कपाशीच्या काड्यांवर भाजणार. सगळ्यांना निमंत्रण, नळकांडंसाहेबांना पण, फक्त तिथे कोणाला फुंकायला लावू नका.

फुंकणी | ६ डिसेंबर, रात्री १०:१५

काड्यांवर म्हणजे काड्यांवरच. गॅसवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.

पुण्यात_अडकलेला | ६ डिसेंबर, रात्री ११:३०

मी गॅसवर भाजतो. फ्लॅटमध्ये काड्या कुठून आणू? सोसायटीवाले फायर ब्रिगेड बोलावतील. आणि कळण्याची भाकरी ऑनलाइन मागवतो, हवं तर वाळीत टाका.

फुंकणी | ७ डिसेंबर, सकाळी ६:५०

टाकलं.

शिरपूरचा_बालडॉक्टर | ७ डिसेंबर, दुपारी १:३०

भरीत थोडं बाजूला ठेवून मूळ प्रश्नाकडे येतो. हे सल्ला म्हणून नाही, समजावं म्हणून लिहितोय, तुमच्या डॉक्टरांनी मूल बघितलंय, मी नाही.

साधारण पाच-सहा वर्षांपासून मुलं स्पायरोमेट्री करू शकतात. नीट शिकवलं तर त्याहून लहान काही मुलंही करतात, पण तिथे भरवसा कमी. पहिल्या दिवशी नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी जमतं, त्याला नापास म्हणायचं नाही. मुलांना सहा सेकंद फुंकत ठेवायचा हट्ट नको, लहान फुफ्फुस दोन-तीन सेकंदांत रिकामं होतं, ते नॉर्मल आहे. ज्यांना फुंकायला जमतच नाही त्यांच्यासाठी ऑसिलोमेट्री असते, मूल नुसतं शांत श्वास घेत बसतं आणि मशीन हवेच्या हलक्या लहरी सोडून नळ्यांचा अडथळा मोजतं. ती सगळीकडे मिळत नाही.

एक गोष्ट पालक फार चुकतात. मोठ्यांमध्ये एफईव्ही१ आणि एफव्हीसी यांचं गुणोत्तर पंप दिल्यावरसुद्धा ०.७० च्या खाली राहिलं तर नळ्या कायमच्या आवळल्या, सीओपीडी, असं धरतात. तो आकडा नेटवर वाचून आई-वडील माझ्याकडे येतात, "डॉक्टर याचं ०.७८ आहे म्हणजे छान ना?" मुलांचं गुणोत्तर मुळात जास्त असतं, ०.८५ च्या पुढे पुष्कळदा, त्यामुळे ०.७८ ला मी कान टवकारतो. उलट पंचाहत्तरीच्या आजोबांचं वयानेच थोडं खाली येतं. म्हणून वय, उंची, मुलगा की मुलगी हे घालून अपेक्षित आकडा काढतात आणि त्याच्याशी तुलना करतात. उंची चप्पल काढून मोजली का ते बघत जा. पाठीत वाक आला असेल तर दोन्ही हात पसरून लांबी घेतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दमा नाही असं ठरत नाही. दमा येतो जातो. खोकला रात्री दोनला आणि टेस्ट सकाळी अकराला, तेव्हा नळ्या मोकळ्याच असतील. म्हणून पंप देऊन पंधरा मिनिटांनी परत फुंकायला लावतात, आकडा उडी मारतो का ते बघायला. किंवा घरी पीक फ्लो देऊन दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ वही भरायला सांगतात. मुलांमध्ये दिवसातला चढउतार सरासरी १३ टक्क्यांच्या वर गेला तर नळ्या अस्थिर आहेत असं धरतात, मोठ्यांमध्ये १० च्या वर. घडकाका, तुमच्या ३०० च्या पुढे-मागे अशी वही असती तर त्या आकड्याला अर्थ आला असता.

केळीचा_घड | ७ डिसेंबर, दुपारी ३:००

डॉक्टर, पहिल्यांदा कोणीतरी मला वेड्यात न काढता सांगितलं. वही ठेवायला माझी हरकत नाही. पंपाला आहे.

मेहरूणकाठ | ७ डिसेंबर, रात्री १०:५०

सगळ्यांचे आभार. सोमवारची वेळ घेतलीय, मुलगा आणि नाना दोघांची. नाना एकाच अटीवर तयार झाले की आधी नातू फुंकेल. जाण्याआधी काही पथ्यं आहेत का?

नळकांडं | ७ डिसेंबर, रात्री ११:१५

पोटभर जेवून येऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. कपडे सैल. नानांना सांगा त्या सकाळी बिडी नाही, निदान तासभर आधी तरी नाहीच. कवळी घट्ट बसत असेल तर राहू द्या, ओठ नीट मिटतात. पंप चालू असेल तर कोणता कधी बंद ठेवायचा ते डॉक्टरांना विचारा, साधा निळा पंप साधारण चार ते सहा तास आधी बंद ठेवतात, ज्यांचा असर जास्त वेळ टिकतो ते पंप त्याहून जास्त वेळ. आपल्या मनाने बंद करू नका, आणि दम लागला तर घ्या, टेस्ट पुढे ढकलता येते.

नुकताच हार्ट अटॅक, मोतीबिंदूचं किंवा पोटाचं ऑपरेशन, खोकल्यातून रक्त, टीबीचा उपचार सुरू, यातलं काही असेल तर आधीच सांगायचं. परवाच एका आबांना मी परत पाठवलं, डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते आणि ते गॉगल लावून फुंकायला बसले. एवढा जोर लावला की डोळ्यावर ताण येतो.

पोरासाठी: घरी पिपाणी आणा, ती जत्रेत मिळते ना, फुंकली की कागद लांब होतो. दोन दिवस खेळू द्या.

शेवभाजी_तिखट | ८ डिसेंबर, सकाळी ८:००

पिपाणी. ताई, तुमच्या शेजाऱ्यांच्या वतीने निषेध.

मेहरूणकाठ | १९ डिसेंबर, रात्री ११:०५

उशीर झाला लिहायला. बरंच झालंय, सुरुवातीपासून सांगते.

चिरंजीव पहिल्या दिवशी नापास. चिमटा लावला की हसायचा, नळीत हवा सोडण्याऐवजी गाल फुगवायचा, पाच वेळा केलं, पाच तऱ्हा. टेस्ट घेणाऱ्या बाई खूप शांत होत्या, म्हणाल्या गुरुवारी या. चार दिवस घरात पिपाणी वाजत होती (शेजारच्या काकू खरंच बोलल्या). गुरुवारी त्याने बसल्या बसल्या तीन फुंकरी नीट दिल्या. एफईव्ही१ १.१० लिटर, अपेक्षितच्या ८८ टक्के, म्हणजे तशी ठीक. मग पंपाचे चार पफ, ते प्लास्टिकच्या डब्यातून, पंधरा मिनिटं बाहेर बसवलं, परत फुंकलं तर १.२६. डॉक्टर म्हणाले ही उडी बघायचीच होती. तर आहे दमा. मी दवाखान्यात रडले नाही, रिक्षात रडले. आता डब्यातून रोजचं औषध सुरू आहे आणि तीन महिन्यांनी परत बघू म्हणालेत. गेल्या चार रात्री तो सलग झोपलाय. मीच दोन वाजता उठून बघते.

नाना. एफईव्ही१ अपेक्षितच्या ८५ टक्के, गुणोत्तर ०.७२. रिपोर्ट हातात घेऊन माणूस रिक्षापर्यंत असा चालत गेला जसं काही मेडल मिळालंय. कपाशी_बोंड, तुम्ही सांगितल्याप्रमाणे जिनिंगचं सांगितलं, डॉक्टरांनी दहा मिनिटं विचारलं. बिडीबद्दल पण बोलले, ते नानांना ऐकू आलं नाही.

आता खरी गोष्ट. सासूबाई सोबत आल्या होत्या, नातवासाठी. पहिल्या मजल्यावर दवाखाना, लिफ्ट बंद. जिन्यात त्या मध्येच थांबल्या, नेहमीसारखं पदर सारखा करायला. त्या नेहमीच थांबतात. बाजारात पण थांबतात, भाव विचारायला. त्या मशीनवाल्या बाई दारातून बघत होत्या, म्हणाल्या आजी तुम्ही पण या. "आते काय वय शे का मन्हं?" म्हणून हसल्या, पण नातवाने हात धरून नेलं आणि शेजारी उभा राहून ओरडला, भर भर भर. डॉक्टरांना विचारून पंप देऊन पण केली. एफईव्ही१ ०.९६ लिटर, ६२ टक्के. गुणोत्तर ०.६३. पंपाने जवळजवळ फरक नाही.

आयुष्यात बिडीला हात लावला नाही त्यांनी. डॉक्टरांनी एकच विचारलं, आजी, चुलीवर किती वर्षं? त्या म्हणाल्या, गॅस तर हिचं लग्न झालं तेव्हा आला. त्यांना म्हणे किती वर्षं झाली दम लागायला? तर काही नाही हो, वय झालं. घरात सगळ्यांना माहीत होतं की त्या थांबतात, पण त्या भाव विचारायलाच थांबतात असं आम्ही धरून चाललो होतो.

कपाशी_बोंड | २० डिसेंबर, सकाळी ७:३०

पूर्ण वाचून थोडा वेळ बसून राहिलो. आमची आई पण जिन्यात पदरच सारखा करायची.

शिरपूरचा_बालडॉक्टर | २० डिसेंबर, दुपारी १:००

धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे बार्न्स यांचा २००९ सालचा लॅन्सेटमधला लेख आमच्या पिढीने वाचलेला आहे, चुलीचा धूर त्यात ठळक होता. तरी ओपीडीत पुरुषाला बिडीचं विचारतो आणि बाईला चुलीचं विचारायचं राहून जातं, माझंही राहिलंय. आजींना पंप कोणता आणि कसा घ्यायचा ते करून दाखवायला लावा, नुसतं चिठ्ठीवर नको. आणि नानांना सांगा, ८५ टक्के म्हणजे बिडीचं लायसन्स नव्हे. ते नशीब आहे, आणि सासूबाईंच्या शेजारी बसून ओढत असतील तर ते त्यांचं एकट्याचंही नाही.

मेहरूणकाठ | २० डिसेंबर, दुपारी ३:४०

बाहेर ओट्यावर पाठवलंय त्यांना. धूर खिडकीतून येतो म्हणून आता गेटपाशी. थंडीत मफलर बांधून उभे असतात. सासूबाईंना पंप नातूच देतो, सेकंद मोजतो, चुकल्या की ओरडतो. पंप जन्माचा म्हणणाऱ्या त्याच.

केळीचा_घड | २० डिसेंबर, संध्याकाळी ७:२०

वही सुरू केली. सकाळी २९०, रात्री ३५०. पुढच्या आठवड्यात आपल्या धुळ्याच्या साहेबांकडे येतोय, ओरडायची तयारी ठेवा.

नळकांडं | २० डिसेंबर, रात्री ८:०५

या काका. आजून शे.

फुंकणी | २१ डिसेंबर, सकाळी ६:३०

एक विचारायचं होतं. मी मागे काच फुटेल वगैरे लिहिलं होतं. बावीस वर्षांचा हिशेब काल रात्री परत केला. विहिरीवरून येताना मी पण थांबते, पण मी हंडा बदलायला थांबते या हातातून त्या हातात, असं मला वाटत होतं. जळगावला सरकारी मेडिकल कॉलेजला छातीच्या विभागात विचारलं तर ही टेस्ट होते का? आणि लुगडं चालेल ना, का सैल म्हणजे ड्रेसच घालावा लागतो?

नळकांडं | २१ डिसेंबर, सकाळी ९:१०

लुगडं चालेल मावशी, कमरेला फार आवळू नका म्हणजे झालं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आता सरकारी कॉलेज आहे, जाण्याआधी फोन करून वार विचारून घ्या. सकाळी चहा-बिस्किट चालेल, वरण-बट्टी नंतर. आणि चुलीची बावीस वर्षं त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

लोकोशेड_तात्या | २१ डिसेंबर, सकाळी ९:३०

फुंकणीबाई, भुसावळहून मी येतो सोबत. भरीत यंदा गॅसवर करू, पुण्यातल्याला परत जातीत घ्या.

फुंकणी | २१ डिसेंबर, सकाळी ९:५०

सोबत या. भरिताचं नंतर बघू.